डावी केसिंग, उजवी केसिंग: कुपवाडच्या एका फाउंड्रीतील बिंदुमेघ ओळखण्याचे प्रकरण

सांगली-मिरज पट्ट्याला पंपाचे ओतकाम नवे नाही. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानात, कुंडल रोड स्थानकाजवळच्या माळावर आपला कारखाना हलवला आणि त्या वस्तीची किर्लोस्करवाडी झाली. आज कुपवाड आणि मिरजेच्या औद्योगिक वसाहतींत भट्टी, मोल्डिंग आणि फेटलिंग (ओतीव भागाची साफसफाई) एकाच छपराखाली चालवणाऱ्या कितीतरी लहानमोठ्या फाउंड्र्या आहेत. येथे मांडलेले प्रकरण त्यांपैकी एकीचे आहे. तिचे नाव देण्याचे कारण नाही, कारण झालेली मुख्य चूक तिची नव्हती, आमची होती.

मोल्ड फोडून, रनर-रायझर (धातूच्या वाटांत गोठलेले जादा तुकडे) तोडून आणि शॉट ब्लास्टिंग (छऱ्यांच्या माऱ्याने सफाई) करून बाहेर आलेले भाग या फाउंड्रीत ट्रॉलीत ढिगाने पडतात. कोणी पालथा, कोणी आडवा, कोणी दुसऱ्याच्या पोटात अडकलेला. फेटलिंगचे कामगार तेथून एकेक भाग उचलतात, पॅटर्नप्रमाणे, म्हणजे तो ज्या नमुन्यावरून ओतला त्याप्रमाणे, वेगळा करतात आणि मशीन शॉपकडे पाठवतात. ट्रॉलीवर त्रिमितीय कॅमेरा टांगून ही निवड संगणकाकडून करून घेता येईल का, एवढाच प्रश्न आमच्यापुढे होता. त्या लाइनवर तेव्हा सात पॅटर्न चालू होते. त्यांत सेंट्रिफ्यूगल पंपाच्या व्होल्यूट केसिंगची, म्हणजे शंखासारख्या फुगत जाणाऱ्या कवचाची, एक जोडी होती: एक केसिंग घड्याळाच्या दिशेने फिरणाऱ्या पंपाची, दुसरी उलट दिशेने फिरणाऱ्याची. दोन्हींचे वजन सारखे, फ्लँज सारखी, जाडी सारखी. फरक इतकाच की एक केसिंग दुसरीची आरशातली प्रतिमा आहे: एक उजवी, दुसरी डावी. ही चूक लवकर उघडी पडत नाही. लेथचा चक सक्शनच्या (पाणी आत घेणाऱ्या तोंडाच्या) गोल फ्लँजला धरतो आणि ती दोन्हींची एकच असल्यामुळे टर्निंग बिनबोभाट उरकते. ड्रिलिंगच्या जिगवर (भोके पाडताना भाग धरणाऱ्या चौकटीवर) डिस्चार्जचे, म्हणजे पाणी बाहेर सोडणारे, तोंड भलत्या बाजूला आले, की मग सगळी लॉट पुन्हा निवडावी लागते.

पहिला प्रयत्न

कॅमेऱ्यातून मिळतो तो पॉइंट क्लाउड, म्हणजे बिंदुमेघ. ही मुळात एक यादी असते आणि तिच्या प्रत्येक ओळीत एका बिंदूचे तीन निर्देशांक असतात. या यादीला क्रम नसतो. ओळी वरखाली केल्या तरी वस्तू तीच राहते. २०१७ साली स्टॅनफर्डमधील चार्ल्स ची, हाओ सू, काइचुन मो आणि लिओनिडास गिबास यांनी मांडलेल्या पॉइंटनेटने क्रमाचा हा प्रश्न साध्या युक्तीने सोडवला. प्रत्येक बिंदू एकाच छोट्या जाळ्यातून (न्यूरल नेटवर्कमधून) स्वतंत्रपणे जातो, त्याची १,०२४ लक्षणे निघतात आणि प्रत्येक लक्षणाचे सर्व बिंदूंमधील कमाल मूल्य तेवढे ठेवले जाते. कमाल मूल्याला क्रमाशी देणेघेणे नसते.

आम्ही हेच जाळे घेतले. प्रत्येक पॅटर्नचे भाग फिरत्या टेबलावर सरळ ठेवले, टेबल फिरवत मेघ टिपले, प्रत्येक मेघातून १,०२४ बिंदू निवडले आणि जाळे शिकवले. टेबलावरची चाचणी इतकी सुरेख झाली की व्यवस्थापकांना दाखवायला बोलावण्याचा मोह आवरला नाही. मग तेच भाग ट्रॉलीत टाकले, आणि पालथ्या केसिंगला यंत्र मोटर ब्रॅकेट म्हणू लागले.

कारण गूढ नव्हते. पॉइंटनेट क्रमाला अंध आहे, दिशेला नाही. निर्देशांक क्ष, य, झ असे थेट आत जातात. वस्तू फिरली की तिन्ही आकडे बदलतात आणि जाळ्याच्या दृष्टीने ती नवीनच वस्तू होते. मूळ रचनेत मेघाला सरळ करू पाहणारे एक उपजाळे आहे, परंतु ते शिकून अंदाज बांधते, हमी देत नाही; जे पालथेपण शिकवणीत आलेच नाही ते त्याला सरळ करता येत नाही. संशोधनातही हे मोजलेले आहे. मॉडेलनेट-४० या संचात खुर्ची, टेबल, विमान अशा ४० वर्गांतील १२,३११ संगणकीय मॉडेल आहेत, त्यांपैकी ९,८४३ शिकवणीसाठी आणि २,४६८ चाचणीसाठी. उभ्या अक्षाभोवती फिरवून शिकवलेल्या पॉइंटनेटची तशाच चाचणीतील अचूकता ८५.९ टक्के असताना, चाचणीत वस्तू कशाही फिरवल्या की ती १९.६ टक्क्यांवर आल्याची नोंद २०२१ च्या व्हेक्टर न्यूरॉन्स या शोधनिबंधात आहे. ट्रॉलीपाशी आम्ही जे पाहिले ते याहून वेगळे नव्हते. हा निबंध आम्ही आधी वाचलेला होता, आणि तरीही आपले भाग म्हणजे काही खुर्च्या-टेबले नव्हेत, सातच तर आहेत, अशी स्वतःची समजूत काढली होती.

फिरवण पुसण्याचे मार्ग

सर्वात सरळ उपाय म्हणजे शिकवणीतच भाग सर्व दिशांनी फिरवून दाखवणे. त्याचा खर्च आकड्यांत पाहावा. केवळ उभ्या अक्षाभोवती १५ अंशांच्या टप्प्याने फिरवले तर २४ स्थिती होतात. अवकाशातील सर्व फिरवणी तितक्याच दाट जाळीने झाकायच्या म्हटल्या तर ४,६०८ स्थिती लागतात, आणि टप्पा निम्मा केला की ३६,८६४. जाळ्याची शक्ती मग आकार शिकण्याऐवजी फिरवणी पाठ करण्यात खर्ची पडते. वर सांगितलेल्या निबंधात सर्व दिशांनी फिरवून शिकवल्यावरही पॉइंटनेट ७४.७ टक्क्यांपर्यंतच पोहोचते. आमच्या जाळ्याचेही चुकीचे प्रमाण उतरले, पण ट्रॉलीच्या कामाला चालेल इतके नाही.

दुसरा मार्ग मेघाला स्वतःच्या अक्षांवर उभे करण्याचा. बिंदूंचा पसारा ज्या दिशेला सर्वाधिक तो पहिला अक्ष, त्याला लंब असलेल्यांत सर्वाधिक तो दुसरा, उरलेला तिसरा. वस्तू कशीही पडली असली तरी तिचे अक्ष तिच्याबरोबर फिरतात, म्हणून हिशेब स्थिर राहील अशी अपेक्षा असते. अडचण अशी की अक्षाला टोक नसते. त्याची धन बाजू कोणती हे पसारा सांगत नाही, आणि दोन अक्षांवरचा पसारा जवळपास सारखा असेल तर पहिला कोणता नि दुसरा कोणता हेही डळमळते. क्रम आणि चिन्हे धरून, आरशातल्या मांडण्या वगळल्या तरी, २४ पर्याय उरतात. लांबट ब्रॅकेटचे यात उत्तम निभते. गोल फ्लँजच्या झाकणाचे अक्ष मात्र धुळीच्या कणाएवढ्या गोंगाटाने गरकन फिरतात. तो मार्ग आम्ही आठवड्याभरात सोडला.

तिसरा मार्ग निर्देशांक जाळ्याला द्यायचेच नाहीत असा. ड्रोस्ट आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये वापरलेले बिंदुजोडीचे वर्णन आम्ही घेतले. दोन बिंदूंमधील अंतर, आणि त्या दोन्ही ठिकाणी पृष्ठभागाला उभे राहणाऱ्या लंबांनी आपसांत व जोडरेषेशी केलेले तीन कोन, अशा चार आकड्यांनी ही जोडी सांगितली जाते. वस्तू फिरवा, उचला, पालथी घाला, हे चार आकडे बदलत नाहीत. जाळ्यात निर्देशांकांऐवजी हेच गेले, तेव्हा फिरवण शिकवावी लागलीच नाही. ती आत येण्याआधीच पुसली गेली होती. सरळ ठेवलेल्या भागांवर शिकवलेले जाळे ट्रॉलीतल्या पालथ्या ब्रॅकेटला ब्रॅकेटच म्हणू लागले. सातपैकी पाच पॅटर्न सुटले असे आम्ही त्या दिवशी लिहून ठेवले.

येथे मापाबद्दल एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे, कारण तयार संगणकप्रणाली वापरणारे त्यात हमखास फसतात. प्रचलित प्रघात असा की प्रत्येक मेघ आत देण्यापूर्वी एकक त्रिज्येच्या गोलात बसेल असा आकसून घ्यावा. खुर्ची लहान असो वा मोठी, ती खुर्चीच, म्हणून तेथे ते योग्य आहे. फाउंड्रीत त्याच घडणीचे दोन मापांचे भाग असतात आणि माप हीच त्यांची ओळख असते. आम्ही ती पायरी काढून टाकली आणि अंतरे मिलिमीटरमध्येच ठेवली.

आरसा

उरलेली जोडी केसिंगची होती. यंत्र तिला केसिंग म्हणून अचूक ओळखी आणि डावी की उजवी यावर नाणे उडवल्यासारखे उत्तर देई. प्रथम आम्हाला वाटले की नमुने कमी पडत आहेत. आणखी केसिंग टिपल्या. फरक पडला नाही. मग वाटले की बिंदू विरळ आहेत. १,०२४ चे २,०४८ केले. तरीही तेच.

शेवटी जे पहिल्याच दिवशी करायला हवे होते ते केले. उजव्या केसिंगचा एक मेघ घेतला, प्रत्येक बिंदूच्या आणि लंबाच्या क्ष निर्देशांकाचे चिन्ह बदलले आणि तो आरशातला मेघ जाळ्याला दिला. पडद्यावर सात पॅटर्नचे सात गुण आले. मूळ मेघाचे गुण शेजारी होतेच. दोन्ही ओळी सहाव्या दशांशस्थळापर्यंत एकच होत्या. जाळे गोंधळलेले नव्हते. त्याला या दोन केसिंगमध्ये फरक दिसण्याची सोयच आम्ही ठेवली नव्हती.

त्याचे गणित थोडक्यात असे. अंतरे आणि कोन जसेच्या तसे ठेवणारी जी रूपांतरे आहेत त्यांत फिरवणी येतात, ज्यांच्या सारणीचा निर्धारक (मॅट्रिक्सचा डिटर्मिनंट) अधिक एक असतो, आणि आरसेही येतात, ज्यांचा निर्धारक उणे एक असतो. अंतर आणि कोन या दोहोंत फरक करत नाहीत. म्हणून ज्या वर्णनात केवळ अंतरे आणि चिन्हाविना मोजलेले कोन आहेत, ते फिरवणीबरोबर आरसाही पुसून टाकते. आपण मागितले होते ‘फिरवले तरी ओळख’ आणि मिळाले होते ‘फिरवले किंवा उलटवले तरी ओळख’. विमान, टेबल, बाटली या डावी-उजवी नसलेल्या वस्तूंवर मोजलेल्या अचूकतेत हा दोष दिसतही नाही, त्यामुळे उत्तम गुण मिळवलेली पद्धत उचलून आणणाऱ्याला तो कोणी सांगत नाही.

कारण कळल्यावर मागे वळून पाहिले, तेव्हा हाच आरसा आमच्या आधीच्या प्रयत्नांतही दोन दारांनी शिरलेला आढळला. अक्षांवर उभे करण्याच्या पद्धतीत आम्ही तिन्ही अक्षांची चिन्हे स्वतंत्रपणे ठरवत होतो; त्यामुळे संभाव्य आठ मांडण्यांपैकी निम्म्या डावखुऱ्या होत्या आणि तेवढ्या केसिंग आत जाण्यापूर्वीच आपली बाजू बदलत होत्या. तिसरा अक्ष पहिल्या दोघांच्या सदिश गुणाकारानेच काढावा, एवढी काळजी पुरली असती. शिवाय नमुने वाढवण्यासाठी उतरवून घेतलेल्या तयार प्रणालीत क्ष चे चिन्ह यदृच्छेने बदलण्याची एक ओळ होती. खुर्च्यांना ती निरुपद्रवी आहे. आमच्याकडे ती उजव्या केसिंगवर ‘उजवी’ असे लेबल ठेवून आतला माल डावा करत होती. ती ओळ आमच्यापैकी दोघांनी वाचलेली होती.

या टप्प्यावर फेटलिंगमधील एका जुन्या कामगाराशी झालेले बोलणे नोंदवतो. सगळा विभाग त्यांना मामा म्हणतो. ते ट्रॉलीतून केसिंग उचलत आणि क्षणभरही न थांबता डावी-उजवी वेगळी करत. मी विचारले, ‘मामा, पालथी असली तरी तुम्हाला कसं कळतं?’ त्यांनी हातमोजा काढला आणि तळहात केसिंगच्या अंगाला लावला. ‘साहेब, हात लावून बघायचं. अंगठा सक्शनकडं धरायचा आन् बोटं अशी पोट फुगत जातंय तिकडं, डिस्चार्जच्या तोंडाकडं वळवायची. उजवा हात बसला तर उजवी. न्हाय बसला तर डावा लावून बघा की, बसतोय का न्हाय.’ त्यांनी केसिंग पालथी घातली, आडवी केली, पुन्हा हात लावला. प्रत्येक वेळी तोच हात बसला.

मामांच्या या कसोटीत जे होते ते आमच्या चार आकड्यांत नव्हते. तीन दिशा विशिष्ट क्रमाने घेऊन त्या उजव्या हाताने बसतात की डाव्या, हे सांगणारी राशी म्हणजे त्रिगुण गुणाकार. दोन सदिशांचा सदिश गुणाकार करायचा आणि त्याचा तिसऱ्याशी बिंदू गुणाकार घ्यायचा. वस्तू कशीही फिरवली तरी हा आकडा बदलत नाही. आरशात मात्र त्याचे चिन्ह उलटते. आम्ही बिंदुजोडीच्या वर्णनात पाचवा आकडा घातला: जोडरेषा आणि दोन लंब यांचा त्रिगुण गुणाकार. त्याचा एक सोयीचा गुण असा की जोडीतील पहिला बिंदू कोणता आणि दुसरा कोणता हे बदलले तर जोडरेषेचे चिन्ह बदलते, लंबांच्या सदिश गुणाकाराचेही बदलते आणि एकूण आकडा तसाच राहतो. म्हणजे यादीला क्रम नसण्याची मूळ अट त्याने मोडत नाही.

दोन व्यवहारी अडचणी आल्या. पहिली, जवळच्या दोन बिंदूंवरचे लंब जवळपास समांतर असतात, त्यामुळे त्यांचा सदिश गुणाकार शून्याच्या आसपास राहतो आणि त्याचे चिन्ह वाळूच्या खरखरीतपणाने ठरते. म्हणून आम्ही शेजारचेच बिंदू न घेता लहान, मध्यम आणि केसिंगच्या निम्म्या रुंदीएवढ्या अंतरावरच्या जोड्याही घेतल्या. व्होल्यूटचा डावे-उजवेपणा पोट हळूहळू फुगत जाण्यात आहे. तो बोटभर तुकड्यात सापडणार नाही. दुसरी अडचण लंबाची. दोहोंपैकी एकच लंब आतल्या बाजूला वळला तर चिन्ह उलटते. पण ट्रॉलीवरचा कॅमेरा एकच आणि त्याला दिसणारा प्रत्येक पृष्ठभाग त्याच्याकडेच तोंड करून असतो, तेव्हा सर्व लंब कॅमेऱ्याकडे वळवून घेतले की संशय उरत नाही. पुन्हा तीच चाचणी केली, क्ष चे चिन्ह बदलले, आणि या वेळी डाव्या-उजव्याचे गुण अदलाबदल होऊन आले.

व्हेक्टर न्यूरॉन्सचा मार्गही आम्ही तपासला. त्यात प्रत्येक न्यूरॉन एका आकड्याऐवजी त्रिमितीय सदिश बाळगतो, वस्तू फिरली की आतले सर्व सदिश तिच्याबरोबर फिरतात आणि शेवटी ती फिरवण काढून टाकली जाते. रचना देखणी आहे. मात्र तिच्या थरांत सदिशांची रेषीय मिळवणी आणि बिंदू गुणाकार एवढेच ठेवले तर तीही आरशाला अंधच राहते. सदिश गुणाकार कोठेतरी आत आणावाच लागतो. आमच्या हातात बिंदुजोडीची पद्धत चालू झालेली होती, म्हणून तिच्यावर थांबलो.

एकाच बाजूचा मेघ

शोधनिबंधांतील चाचणीत संपूर्ण मेघ फिरवला जातो: वस्तूच्या सर्व बाजूंचे बिंदू असतात आणि ते सारे एकत्र फिरतात. ट्रॉलीत असे होत नाही. केसिंग पालथी पडली की कॅमेऱ्याला दुसरी बाजू दिसते, आणि हा आधीच्या मेघाचा फिरवलेला अवतार नसून वेगळाच मेघ असतो. फिरवणीला अंध असलेले जाळे येथे पुरे पडत नाही, कारण बदललेली गोष्ट निव्वळ फिरवण नाही. यासाठी शिकवणीचे मेघ आम्ही नव्याने तयार केले. पॅटर्नच्या संगणकीय मॉडेलभोवती काल्पनिक कॅमेरा सर्व बाजूंनी ठेवला, त्याला दिसतील तेवढेच बिंदू ठेवले आणि तिरप्या पृष्ठभागावर ते विरळ केले. म्हणजे दिशांचा जो खर्च आम्ही दारातून बाहेर काढला होता त्यातला काही भाग खिडकीतून परत आला. तरी तो कमीच आहे: कॅमेऱ्याची दृष्टिरेषा आकाशाच्या गोलावर कोठे आहे एवढेच बदलत राहते, तिच्याभोवतीची गरगर फुकट सुटते.

व्यवस्थापकांना मी तेव्हाच सुचवले होते की भाग ट्रॉलीतून पट्ट्यावर एकेक पसरता आले तर यातले बरेच काम करावे लागणार नाही. सपाट पट्ट्यावर प्रत्येक ओतीव भाग मोजक्याच स्थितींत स्थिर बसतो. त्या स्थिती आणि उभ्या अक्षाभोवतीचे फिरणे एवढे सांभाळले की झाले. पट्ट्याला जागा नाही, हे त्यांचे उत्तर होते आणि शेडमध्ये उभे राहून पाहिल्यावर ते खरेही होते. माझे मत अजूनही तेच आहे: जागा असेल तेथे आधी पट्टा टाकावा आणि मग जाळ्याचा विचार करावा.

काही केसिंग कोणत्याही जाळ्याला ठरवता येणार नाहीत. कडेवर उभी पडलेली, डिस्चार्जचे तोंड शेजारच्या ब्रॅकेटखाली गेलेली केसिंग घ्या. वरून दिसणारी तिची पाठ डावीची आहे की उजवीची हे त्या बिंदूंत नाहीच. सुरुवातीच्या आवृत्तीत जाळे अशा वेळीही दोहोंपैकी एक नाव ठणकावून सांगे. आता दोन गुणांतील अंतर ठरावीक मर्यादेपेक्षा कमी असेल तर पडद्यावर ‘ठरत नाही’ असे येते. ही मर्यादा आम्ही मुद्दाम कडक ठेवली आहे, कारण न ठरलेली केसिंग पुन्हा पाहायला क्षणभर लागतो आणि चुकून ठरलेली केसिंग ड्रिलिंगच्या जिगपर्यंत जाते.

सध्या कॅमेऱ्याखाली तीन ट्रे आहेत: डावी, उजवी आणि न ठरलेली. तिसऱ्या ट्रेमधील केसिंग मामा उचलतात, उलटी करतात आणि पुन्हा कॅमेऱ्याखाली धरतात, म्हणजे त्या स्थितीचा मेघ योग्य लेबलासह शिकवणीच्या साठ्यात जमा होतो. लेबल कोणते हे यंत्राने सांगण्याची वाट ते पाहत नाहीत. उचलतानाच त्यांनी हात लावून पाहिलेला असतो.